नवरा, बायको, कुत्रं आणि मधेच एक खून

खुनाच्या गोष्टीत प्रेमाला जागा नाही, असा एके काळी रीतसर नियम होता. अमेरिकन रहस्यलेखक एस. एस. व्हॅन डाइन याने १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम छापून टाकले आणि त्यात तिसऱ्याच क्रमांकावर प्रेमप्रकरणाला बंदी घातली. डिटेक्टिव्हने गुन्हेगार पकडावा, लग्नं जमवत बसू नये, असा त्याचा रोख. माणूस मूळचा कलासमीक्षक. नियम करण्याची हौस दांडगी. त्याचा फायलो व्हान्स हा डिटेक्टिव्हही तसाच. गर्भश्रीमंत, चिनी मातीच्या भांड्यांपासून इजिप्तच्या इतिहासापर्यंत कशावरही प्रवचन देणारा आणि प्रेमाबिमाच्या वाटेला न जाणारा.

या व्हान्सच्या पहिल्या कादंबरीचे १९२७ साली एका साप्ताहिकात यथेच्छ वाभाडे निघाले होते. काढणारा होता डॅशिअल हॅमेट. त्याची तक्रार प्रेमाबद्दल नव्हती. खुनाचा तपास कसा चालतो याचा या लेखकाला गंधही नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते म्हणायचा त्याला अधिकार होता. शाळा लवकर सुटलेला हा मुलगा १९१५ साली पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत लागला. मधला लष्करातला काळ आणि क्षयाची आजारपणं वजा जाता १९२२पर्यंत त्याने हेच काम केलं. म्हणजे लोकांच्या मागे मागे हिंडणं, दारांबाहेर ताटकळत उभं राहणं आणि रिपोर्ट लिहिणं. या नोकरीतल्या आठवणींचं एक छोटं टिपण त्याने १९२३ साली छापलं. त्यात एका माणसाची गोष्ट आहे. हॅमेट त्याच्या पाळतीवर होता. रविवारी दुपारी तो माणूस गावाबाहेर फिरायला गेला आणि वाट चुकला, तेव्हा त्याला शहराचा रस्ता दाखवायला पाळत ठेवणाऱ्यालाच पुढे व्हावं लागलं. जत्रेतला आकाशपाळणा चोरणारा एक इसम आपल्या ओळखीचा आहे, असंही तो तिथे सहज सांगून जातो. हॅमेट म्हटलं की रक्त, धूर आणि ‘द माल्टीज फाल्कन’मधला दगडी चेहऱ्याचा सॅम स्पेड एवढंच ज्यांना आठवतं, त्यांनी हे टिपण जरूर वाचावं. त्याच्या ‘द थिन मॅन’ या कादंबरीतला विनोद अचानक उगवलेला नाही.

ही कादंबरी पुस्तकरूपाने आली जानेवारी १९३४मध्ये. प्रेमबंदीचा नियम हॅमेटने मोडला तो मोठ्या चतुराईने. त्याने प्रेमिक जमवण्याच्या भानगडीत न पडता त्यांचं लग्न आधीच लावून टाकलं. निक चार्ल्स आणि नोरा चार्ल्स पहिल्या पानावर भेटतात तेव्हा त्यांच्या लग्नाला काही वर्षं होऊन गेलेली आहेत. रुसवे-फुगवे, गैरसमज, ‘ती माझी होईल का’ वगैरे सगळं मागे पडलंय. उरलेत ते एकमेकांच्या संगतीत मनापासून रमणारे दोन शहाणे, थोडे आळशी आणि बऱ्यापैकी तर्र असलेले लोक. माझ्या मते कादंबरीचा खरा शोध हा आहे, आणि खुनाचा शोध त्यानंतरचा. लग्न झालं की कथा संपते हे आपणही इतकं गृहीत धरून चाललेलो असतो की, कथा लग्नानंतरच सुरू होते आणि तरी ती प्रेमकथाच राहते, हे पाहून आजही मौज वाटते.

सुरुवातच पाहा. न्यू यॉर्क, १९३२चा नाताळ. बावन्नाव्या रस्त्यावरच्या एका चोरट्या बारमध्ये निक टेकून उभा आहे, नोराची खरेदी आटोपायची वाट बघत. अमेरिकेत दारूबंदी आहे, आणि दारूबंदीतच सगळ्यात जास्त दारू पिऊन होते हे १९४९नंतरची मुंबई आणि तिथल्या आंटींचे अड्डे ठाऊक असलेल्या वाचकाला समजावून सांगायला नको. तेवढ्यात डॉरथी विनंट नावाची एक तरुण मुलगी निकला ओळखते. तिचे वडील, विक्षिप्त संशोधक क्लाइड विनंट, बेपत्ता आहेत. निकने पूर्वी कधी तरी त्यांचं एक काम केलं होतं. मुलगी वडिलांची चौकशी करते. आणि मग नोरा येते, हातात आस्टा या त्यांच्या कुत्रीची साखळी. आस्टा आल्या आल्या दोन पायांवर उभी राहून निकच्या पोटावर पंजे मारते. तिची दुपार कशी गेली याचा अहवाल नोरा देते: एका दुकानात तिने खेळण्यांचं टेबल उलथवलं, दुसऱ्या दुकानात एका जाड्या बाईचा पाय चाटून तिला घाबरवून सोडलं, आणि तीन पोलिसांकडून स्वतःला थोपटून घेतलं. या अहवालाची नीट दखल घ्यावी. पुढे पोलीस, वकील, गुंड आणि नातेवाईक मिळून या प्रकरणात जो गोंधळ घालणार आहेत, त्याचा छोटा मसुदा या कुत्रीने एका दुपारी करून ठेवला आहे.

निक आता डिटेक्टिव्ह नाही. सासऱ्यांच्या पश्चात नोराकडे लाकडाची गिरणी, अरुंद रुळांची रेल्वे आणि आणखी बरंच काही आलं. ते सांभाळायला म्हणून त्याने १९२७ साली नोकरी सोडली, आणि आता तो मुख्यतः बायकोचे पैसे खर्च करतो. हे तो लपवत नाही. अमेरिकेत त्या सुमारास दर चार कामकऱ्यांतला एक बेकार होता, तेव्हा हॉटेलात राहून सकाळी उठल्यावर पहिला पेला भरणारं हे जोडपं वाचकांना का आवडलं, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. निकला खुनाच्या भानगडीत पडायचंच नाहीये. विनंटची सेक्रेटरी ज्यूलिया वुल्फ हिचा खून होतो, सगळं गाव निककडे येऊन त्याला तपास करायला सांगतं, आणि तो प्रत्येकाला नाही म्हणतो. उत्साह आहे तो नोराला. आपल्या नवऱ्याची जुनी कर्तबगारी तिने फक्त ऐकलेली आहे. ती तिला डोळ्यांनी बघायची आहे. ही गंमत पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहे. तिच्या हट्टामुळे निक तपासात ओढला जातो आणि तिच्यामुळेच आपण.

एक प्रसंग मुद्दाम सांगतो. त्याने रहस्य फुटत नाही. शेप मोरेली नावाचा गुंड पहाटे पिस्तूल घेऊन थेट त्यांच्या बेडरूममध्ये शिरतो. दारावर पोलिसांची थाप पडते तसा तो बिथरतो. गोळी सुटणार हे हेरून निक एका हाताने नोराला ठोसा मारून पलंगापलीकडे पाडतो आणि दुसऱ्या हाताने मोरेलीवर उशी भिरकावतो. गोळी निकला चाटून जाते. नोरा शुद्धीवर येते. आपल्याला का मारलं असा तिचा सवालच नसतो. बेशुद्ध करण्याची काय गरज होती, तू त्याला लोळवणार हे माहीत होतं, पण ते मला बघायचं होतं, असा तिचा त्रागा. बायकोला ठोसा मारण्याचा विनोद आज घशाखाली उतरत नाही, आणि उतरू नये. पण नोराच्या त्या त्राग्यात त्या दोघांचं अख्खं नातं आलंय: पूर्ण भरवसा आणि थोडी चिडचिड.

मराठी वाचकाला नवराबायकोची डिटेक्टिव्ह जोडी अगदीच नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर पुस्तकांवर एक पिढी वाढली, आणि झुंजारची विजया त्या पिढीला चांगली आठवते. पण अर्नाळकरांचं जग वेगवान आहे. तिथे गाड्या सुसाटतात, वेशांतरं होतात. खुर्चीत रेलून टोमणे मारत बसायला कुणाला सवड नसते. इंग्रजीतही हॅमेटच्या आधी अगाथा ख्रिस्तीने टॉमी आणि टपेन्स हे जोडपं आणलं होतं. ते दोघं साहसाला हपापलेले आहेत, आणि निक साहस टाळायला. त्या काळातल्या रहस्यकथांच्या नायकांमध्ये काम न करण्यासाठी एवढी धडपड करणारा दुसरा कुणी मला आठवत नाही.

पुस्तक लिलियनला अर्पण केलेलं आहे. ही नाटककार लिलियन हेलमन. दोघांची गाठ १९३० साली हॉलिवूडमध्ये पडली आणि त्यांचं नातं चढउतारांसह हॅमेटच्या मरणापर्यंत टिकलं. त्यांनी लग्न मात्र कधी केलं नाही. हॅमेटला आधीच बायको आणि दोन मुली होत्या. अमेरिकन रहस्यकथेतला सगळ्यात सुखी संसार लिहिला गेला तो असा. नोरा म्हणजे तूच, असं हॅमेटने हेलमनला सांगितलं तेव्हा ती हरखली. लगेच त्याने पुस्ती जोडली: पुस्तकातली बावळट मुलगी आणि दुष्ट बाई, त्याही तूच. हे तिनेच पुढे लिहून ठेवलं आहे. तिच्या आठवणींवर किती विसंबायचं यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण हा किस्सा खोटा असला तरी हॅमेटच्या स्वभावाला शोभणारा आहे. तिनेच सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ही कादंबरी लिहिताना त्याने पिणं बंद केलं, लोकांत जाणं थांबवलं. काही तरी हातून निसटेल या धास्तीने तो फिरायलासुद्धा बाहेर पडत नसे. पानापानावर ग्लास किणकिणणारं हे पुस्तक शुद्धीत, दार लावून, शब्द न् शब्द पारखून लिहिलेलं आहे. हलकंफुलकं लिहिणं हलक्या हाताने होतं असं समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

हलकंफुलकं म्हटलं खरं, पण यातला विनंट परिवार अजिबात हलका नाही. आई मिमी खोटं बोलते ते श्वास घ्यावा तितक्या सहज, तिचा दुसरा नवरा म्हणवतो तो नाही, मुलगी नेहमी रडवेली, आणि मुलगा गिल्बर्ट पुस्तकं वाचून भलतेच प्रश्न विचारणारा. माणसं माणसांना खातात का, असं तो निकला विचारतो. निक त्याच्या हातात गाजलेल्या गुन्ह्यांचं एक जाडजूड पुस्तक देतो आणि हॅमेट त्यातली कोलोरॅडोच्या बर्फात सोबत्यांना खाऊन जगलेल्या आल्फर्ड पॅकरची हकिकत चांगली काही पानं उतरवून घेतो. खुनाशी तिचा काडीचा संबंध नाही. पुष्कळ वाचक ही पानं उलटतात. त्यांनी ती उलटू नयेत असं मला वाटतं, कारण निक आणि नोरा ज्या घरात डोकावून परत आपल्या हॉटेलवर येतात, त्या घरात प्रत्येकजण दुसऱ्याचा लचका तोडायला बसलेला आहे. पॅकर तिथे उगीच आलेला नाही. एका बाजूला हे कुटुंब आणि दुसऱ्या बाजूला नवरा, बायको, कुत्री. कुणाकडे बसावंसं वाटतं हे हॅमेट आपल्याला विचारत नाही. त्याची गरजच पडत नाही.

यात आस्टाचं काम काय? खरं सांगायचं तर कादंबरीत ती काहीच शोधत नाही. शेरलॉक होम्सच्या गोष्टींतली कुत्री कामसू असतात: एक माग काढतं, एक माळरानावर लोकांची पाचावर धारण बसवतं, आणि एक तर रात्री न भुंकून पुरावा पुरवतं. आस्टाला खुनाशी देणंघेणं नाही. तिला फिरायला न्यावं लागतं, आणि हेच तिचं काम. कितीही प्रेतं सापडोत, कुणी तरी साखळी घेऊन खाली जायलाच हवं. आणि त्या निमित्ताने निक किंवा नोरा त्या सगळ्या खोटारड्यांच्या गराड्यातून सुटतात. घरात मूल नसलेल्या या जोडप्याला संसाराची चौकट मिळते ती तिच्यामुळे.

आस्टाला जगप्रसिद्ध केलं ते मात्र सिनेमाने, आणि करताना तिचं सगळंच बदललं. पुस्तकातली आस्टा श्नाउझर जातीची मादी आहे. पडद्यावर आला तो वायर फॉक्स टेरिअर, आणि नर. स्किपी नावाचा हा कुत्रा तेव्हाच्या हॉलिवूडमधला अव्वल नट होता; ‘द ऑफुल ट्रूथ’ आणि ‘ब्रिंगिंग अप बेबी’ या चित्रपटांतही तोच आहे. त्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून इतर नटांना त्याच्याशी लाडीगोडी करायला मनाई होती. नोराचं काम करणाऱ्या मर्ना लॉयला तो एकदा चावलाही. पडद्यावरच्या या गोड कुटुंबातल्या तिसऱ्या सदस्याशी इतर दोघांची साधी ओळखसुद्धा नव्हती म्हणायची. लोकांना त्याचं काय! अमेरिकेत या जातीच्या कुत्र्यांना एकदम मागणी आली, आणि आस्टा हे नाव पुढे कित्येक दशकं इंग्रजी शब्दकोड्यांत चार अक्षरांची जागा भरत राहिलं.

चित्रपटाचे हक्क एमजीएमने २१ हजार डॉलरना घेतले. दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक हा झपाट्याने काम उरकण्यासाठी ओळखला जाई, आणि सगळं चित्रीकरण त्याने दोनेक आठवड्यांत संपवलं. पटकथा लिहिली फ्रान्सिस गुडरिच आणि अल्बर्ट हॅकेट या खऱ्याखुऱ्या नवराबायकोने. रहस्याकडे जरा कमी बघा, मला या दोघांचे प्रसंग द्या, असं व्हॅन डाइकने त्यांना बजावलं होतं. निक झाला विल्यम पॉवेल. गंमत अशी की हाच पॉवेल आदल्याच वर्षापर्यंत पडद्यावर फायलो व्हान्स होता, त्या प्रेमबंदीवाल्या व्हॅन डाइनचा. तेव्हाच्या ‘द केनेल मर्डर केस’ चित्रपटात व्हान्सकडेही कुत्रा आहे, पण तो कुत्र्यांच्या प्रदर्शनात मांडण्यापुरता. ‘द थिन मॅन’च्या जाहिरातपटात पॉवेलचा व्हान्स पॉवेलच्याच निकशी बोलताना दिसतो. एका पिढीच्या डिटेक्टिव्हने दुसरीकडे किल्ल्या सोपवाव्यात तसा तो तुकडा आहे.

मर्ना लॉयचा प्रवेश विसरण्यासारखा नाही. हातात नाताळच्या भेटींचा ढीग, पुढे साखळी ओढणारा आस्टा, आणि उंची कपड्यांतली ही बाई भर बारमध्ये पालथी पडते. उठते ती अशी, की पडणं हाच आत येण्याचा शिष्टसंमत मार्ग असावा. त्याआधी बरीच वर्षं स्टुडिओ तिला बहुतेक पौर्वात्य मायाविनींच्या भूमिकांत वापरत होते. पॉवेल आणि ती एकूण सहा ‘थिन मॅन’ चित्रपटांत नवराबायको झाले, १९३४ ते १९४७. लोकांना ते इतकं पटलं की, दुसऱ्या चित्रपटासाठी सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावर हॉटेलवाल्यांनी दोघांसाठी एकच सूट राखून ठेवला होता.

शीर्षकाचा घोळही सिनेमानेच घातला. कादंबरीतला ‘थिन मॅन’, म्हणजे तो सडपातळ माणूस, हा बेपत्ता संशोधक विनंट. पण पुढच्या प्रत्येक चित्रपटाच्या नावात तोच शब्द अडकवल्याने लोक निकलाच थिन मॅन म्हणू लागले. मूळ पुस्तकाच्या वेष्टनावर तर स्वतः हॅमेटचा फोटो होता, आणि तो दोघांपेक्षाही सडपातळ. प्रकाशक क्नॉफ यांचा चावटपणा वेगळाच. पुस्तकातल्या एका पानावर नोरा निकला त्या काळात छापायला धाडसाचा वाटणारा एक शारीरिक प्रश्न विचारते. क्नॉफने वर्तमानपत्रात चक्क जाहिरात देऊन, अमुक पानावरच्या प्रश्नाचा आमच्या खपाशी काहीही संबंध नाही, असा खुलासा केला, पानाचा क्रमांक देऊन!

यानंतर हॅमेटने कादंबरी लिहिली नाही. पुढची २७ वर्षं तो जगला. दोन चित्रपटांच्या कथा लिहिल्या, दुसऱ्या महायुद्धात आल्यूशन बेटांवर सैनिकांचं वर्तमानपत्र चालवलं, आणि १९५१ साली एका जामीन निधीला पैसे देणाऱ्यांची नावं कोर्टात सांगायला नकार दिला म्हणून काही महिने तुरुंगात काढले. १९६१च्या जानेवारीत तो गेला. ही त्याची शेवटची कादंबरी, आणि रहस्याच्या दृष्टीने सर्वोत्तम नव्हे. तो मान ‘द ग्लास की’ किंवा ‘द माल्टीज फाल्कन’ला द्यावा. यातला उलगडा निक जो करतो त्यात ‘बहुधा’ आणि ‘असं झालं असावं’ फार आहेत, आणि खुद्द नोराचं त्याने समाधान होत नाही. हॅमेटने तिची नापसंती शेवटपर्यंत तशीच राहू दिली. खऱ्या तपासात शंभर टक्के काहीच कळत नाही, हे पिंकर्टनमध्ये शिकलेल्या माणसाला माहीत होतं, आणि ते बायकोच्या तोंडून वदवून घेण्याइतका तो मिश्कील होता.

वाचकांना दोनच सूचना. विनंट, त्यांची घटस्फोटित बायको, तिचा नवरा, वकील मकॉले, गुंड मोरेली, पोलीस लेफ्टनंट गिल्ड अशी माणसं लागोपाठ अंगावर येतात आणि त्यांतल्या काहींची नावंही खरी नसतात, तेव्हा सुरुवातीला कागद-पेन्सिल जवळ असू द्या. आणि चित्रपट पाहायचा असेल तर पुस्तक संपवून मग पाहा; खुनी दोन्हीकडे एकच आहे.